रिकॉम्बिनंट पी३८-अल्फा कायनेज: कुपी वितळवण्यापासून पहिल्या भरवशाच्या आलेखापर्यंत

"एन्झाइम मेलेलंच आलंय" ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती ऐकली की आधी दोन प्रश्न विचारतो: कुपी उघडण्याआधी फिरवून घेतली होती का, आणि विरल केलेलं एन्झाइम बर्फावर किती वेळ पडून होतं? दहातल्या सात-आठ वेळा उत्तर तिथेच सापडतं. कायनेजचे, म्हणजे एटीपीतला फॉस्फेट उचलून दुसऱ्या रेणूवर बसवणाऱ्या एन्झाइमचे, बहुतेक प्रयोग एटीपी घालण्याच्या आधीच बिघडलेले असतात. म्हणून या लेखात तयारीला जास्त जागा दिली आहे आणि मोजणीच्या पद्धतींना कमी.

उदाहरण म्हणून रिकॉम्बिनंट, म्हणजे जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवून घेतलेलं, मानवी पी३८-अल्फा घेतो. पेशीतल्या ताणाचे संदेश पुढे नेणारं हे कायनेज खूप वापरलं जातं, आणि त्याचे सबस्ट्रेट (ज्यांवर ते फॉस्फेट बसवतं ते रेणू) व इन्हिबिटर (त्याला रोखणारे रेणू) दोन्ही चांगले ओळखीचे आहेत. ईआरके२ किंवा एकेटी१ असं दुसरं कायनेज वापरत असाल तर आकडे बदलतील, क्रम हाच राहील.

## टप्पा १: कुपीच्या आधी कागद

माहितीपत्रक आणि त्या लॉटचा (एकत्र बनवलेल्या खेपेचा) दाखला समोर ठेवा. दोन्ही लागतात, कारण माहितीपत्रकावरचा आकडा नमुन्यादाखल असतो आणि तुमच्या हातातल्या लॉटचा आकडा दाखल्यावर असतो. कुपीवरचा लॉट क्रमांक दाखल्याशी जुळतो का, ते आधी बघा.

मग पहिला प्रश्न: हे प्रोटीन सक्रिय आहे की निष्क्रिय? पी३८-अल्फावर थ्रिओनिन १८० आणि टायरोसिन १८२ या दोन अमिनो आम्लांच्या जागी फॉस्फेट बसलं की ते जागं होतं, आणि हे काम सहसा एमकेके६ हे दुसरं कायनेज करतं. दोन्ही रूपं विकत मिळतात. एखादा रेणू नुसता चिकटतो का हे पाहायचं असेल, किंवा एमकेके६साठी सबस्ट्रेट हवा असेल, तर निष्क्रिय रूप बरोबर आहे. पण त्याच्याकडून एटीएफ२वर (पी३८-अल्फाच्या सबस्ट्रेट प्रोटीनवर) फॉस्फेट बसवून घ्यायला गेलात तर दिवसभर कोरी प्लेट (छोट्या खान्यांची, मोजणीची) बघत बसाल. ही चूक नवख्यांचीच असते असं नाही. घाईत ऑर्डर दिली की कोणाचीही होते.

दुसरा प्रश्न टॅगचा, म्हणजे शुद्धीकरणासाठी प्रोटीनला जोडलेल्या तुकड्याचा. जीएसटी (ग्लुटाथायोन एस-ट्रान्सफरेज) टॅग साधारण २६ किलोडाल्टनचा असतो, सहा हिस्टिडिनचा टॅग एक किलोडाल्टनपेक्षाही कमी. पुढच्या हिशोबात हा फरक चांगलाच जाणवतो. शिवाय जीएसटी जोड्या करून राहतो, त्यामुळे त्याला जोडलेली कायनेजंही जोडीने वावरतात. एकमेकांवर फॉस्फेट बसवण्याचा अभ्यास असेल तर हे लक्षात ठेवा.

तिसरा प्रश्न विशिष्ट सक्रियतेचा, म्हणजे एक मिलिग्रॅम एन्झाइम मिनिटाला किती नॅनोमोल फॉस्फेट हलवतं याचा. हा आकडा कोणत्या सबस्ट्रेटवर, किती एटीपीवर आणि किती तापमानाला काढला आहे ते शेजारी लिहून घ्या. त्या अटींशिवाय त्याचा तुमच्या प्रयोगाला काही उपयोग नाही.

तपासा: साठवण बफरमध्ये ईडीटीए (मॅग्नेशियमसारखे धातू पकडून ठेवणारं), ग्लिसरॉल आणि डीटीटी (प्रोटीनचं ऑक्सिडेशन रोखणारं) किती आहे? ग्लिसरॉल साधारण २५ टक्के असतं. ते तुमच्या नळीत किती उतरणार, हे आत्ताच मोजून ठेवायचं आहे.

## टप्पा २: हिशोब वहीत, फ्रीझरचं दार उघडण्याआधी

समजा, जीएसटी जोडलेलं पी३८-अल्फा आहे, सांद्रता मायक्रोलिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, कुपीत ५० मायक्रोलिटर.

पी३८-अल्फा सुमारे ४१ किलोडाल्टन आणि जीएसटी २६, म्हणजे एकूण ६७.५ धरू. ०.१ मायक्रोग्रॅम प्रति मायक्रोलिटर म्हणजे लिटरला ०.१ ग्रॅम. त्याला ६७,५०० ने भागलं की १.४८ मायक्रोमोलर येतात. टॅग विसरून ४१ ने भागलंत तर २.४ येतील, आणि पुढचा प्रत्येक आकडा दीडपटीहून जास्त चुकलेला असेल. शुद्धता ८० टक्के असेल तर तेही धरा, कारण प्रोटीनची मोजणी अशुद्धीलाही प्रोटीनच समजते.

प्रतिक्रिया २५ मायक्रोलिटरची ठेवू: १० मायक्रोलिटर एन्झाइम (अडीचपट तीव्र), ५ मायक्रोलिटर इन्हिबिटर किंवा नुसता द्रावक (पाचपट), १० मायक्रोलिटर एटीपी आणि सबस्ट्रेटचं मिश्रण (अडीचपट). शेवटी एन्झाइम ४ नॅनोमोलर हवं असेल तर १० नॅनोमोलरचं द्रावण लागेल. ते थेट करू नका, दोन पायऱ्यांत करा: ५ मायक्रोलिटर मूळ द्रावण आणि ६९ मायक्रोलिटर बफर घेतलं की १०० नॅनोमोलर, मग त्याचं दहापट विरलन. अर्धा मायक्रोलिटर पिपेटने उचलून १४८ पट विरलन एका दमात करणाऱ्याचा आकडा रोज वेगळा येतो, आणि त्यात एन्झाइमचा काही दोष नसतो.

## टप्पा ३: बफर आणि एटीपी

प्रतिक्रियेचा बफर मी असा ठेवतो: ५० मिलिमोलर हेपीज, पीएच ७.५, १० मिलिमोलर मॅग्नेशियम क्लोराइड, १ मिलिमोलर ईजीटीए (कॅल्शियम पकडणारं), ०.०१ टक्के ब्रिज-३५ (सौम्य डिटर्जंट). वापराच्या दिवशी त्यात १ मिलिमोलर डीटीटी आणि मिलिलिटरला ०.१ मिलिग्रॅम बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रोटीन).

"वापराच्या दिवशी" हे शब्दशः घ्या. डीटीटी पीएच ७.५ ला आणि २० अंश सेल्सिअसला दहा तासांच्या आसपास अर्धं उरतं, पीएच ८.५ ला दीड तासातच. मागच्या आठवड्यात डीटीटी घालून ठेवलेल्या बफरमध्ये ते उरलेलं नाही असंच समजा.

ट्रिस वापरणार असाल तर त्याचा पीएच तापमानाबरोबर सरकतो हे ध्यानात घ्या. २५ अंशांना ७.५ ला बसवलेला ट्रिस ४ अंशांना ८.१ च्या आसपास जातो. ज्या तापमानाला प्रतिक्रिया होणार, त्याच तापमानाला पीएच बसवा. फॉस्फेट बफर टाळा. मॅग्नेशियमबरोबर साका बसू शकतो.

एटीपीबद्दल दोन गोष्टी. डायसोडियम एटीपीची पूड पाण्यात विरघळवली की द्रावण चांगलंच आम्लधर्मी होतं. सोडियम हायड्रॉक्साइडने ते ७ च्या जवळ आणा, नाहीतर एटीपी हळूहळू तुटतो आणि तुमच्या प्रतिक्रियेचा पीएचही ढासळतो. दुसरं, वजनावरून काढलेल्या सांद्रतेवर विसंबू नका, कारण पुडीत पाणी असतं. विरल करून २५९ नॅनोमीटरला शोषण मोजा; मोलर शोषण गुणांक १५,४०० आहे. पाच मिनिटांचं काम आहे. मग छोट्या नळ्यांत भरून उणे २० ला ठेवा.

सावधान: एडीपी (एटीपीतला एक फॉस्फेट गेल्यावर उरणारा रेणू) मोजणारी पद्धत वापरणार असाल तर एटीपी अति-शुद्ध हवा. साध्या एटीपीत आधीच एडीपी असतो, आणि तो एन्झाइमशिवायच सिग्नल देतो.

## टप्पा ४: वितळवणं आणि वाटे करणं

कुपी कोरड्या बर्फात आली असेल तर ती आधी उणे ८० ला ठेवा, आल्या आल्या वितळवायला घेऊ नका. कोरडा बर्फ म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. झाकण किंचित सैल असेल तर तो वायू आत शिरून द्रावणाचा पीएच उतरवू शकतो. फ्रीझरमध्ये काही वेळ गेला की तो निघून जातो.

वितळवायच्या दिवशी क्रम असा ठेवा:

१. कमी चिकटणाऱ्या प्लास्टिकच्या नळ्यांवर नाव, लॉट, सांद्रता आणि तारीख आधीच लिहा. नळ्या बर्फात गार करायला ठेवा.

२. कुपी बर्फात रोवून वितळू द्या. तळहातात धरून किंवा ३७ अंशांच्या पाण्यात बुडवून घाई करू नका.

३. वितळल्यावर, उघडण्याआधी, छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये काही सेकंद फिरवा.

ही तिसरी पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. एकदा एका सहकाऱ्याने कुपी दाखवून "२० मायक्रोलिटर लिहिलंय, १५ च निघाले" म्हटलं. झाकण उलटं करून पाहिलं तर आतल्या कडेला मोहरीएवढा थेंब चिकटलेला. दोन मिलिमीटर व्यासाचा थेंब म्हणजे चार मायक्रोलिटर. वीस टक्के एन्झाइम झाकणावर होतं, आणि झाकण कचऱ्याच्या डब्याकडे निघालं होतं.

४. पिपेटने अलगद दोन-तीन वेळा वर-खाली करून मिसळा. व्होर्टेक्सवर (जोराने हलवणाऱ्या यंत्रावर) धरू नका. फेस आला म्हणजे हवा आणि द्रावणाच्या सीमेवर प्रोटीन उलगडतंय. दुसरीकडे, अजिबात न मिसळणंही चूक आहे. वितळताना ग्लिसरॉलचा जड थर तळाशी राहू शकतो, आणि मग पहिला वाटा पातळ, शेवटचा दाट होतो.

५. एका प्रयोगाला पुरतील एवढे वाटे करा. वरच्या उदाहरणात ५ मायक्रोलिटरचे नऊ वाटे आरामात निघतात. एका वाट्यात ७.४ पिकोमोल, आणि ४ नॅनोमोलरच्या एका प्रतिक्रियेला ०.१ पिकोमोल लागतो, म्हणजे एक वाटा सत्तरएक प्रतिक्रियांना पुरतो. एक-एक मायक्रोलिटरचे वाटे करू नका. एवढंसं द्रावण भिंतीलाच चिकटून जातं.

६. वाटे द्रव नायट्रोजनमध्ये किंवा कोरडा बर्फ आणि इथेनॉलच्या मिश्रणात झटकन गोठवा, मग उणे ८० ला.

सावधान: आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीझरमध्ये एन्झाइम ठेवू नका. त्याचं तापमान वर-खाली होत राहतं. आणि वापरून उरलेला वाटा परत गोठवू नका, टाकून द्या. जीवावर येतं, मान्य आहे. पण दोनदा वितळलेल्या वाट्याने बिघडवलेल्या प्लेटची किंमत त्याहून जास्त असते.

## टप्पा ५: विरलन, आणि त्यानंतरचा वेळ

दाट द्रावणात एन्झाइम सुखरूप असतं. विरल केलं की त्याचं आयुष्य घटतं. नॅनोमोलर पातळीला प्रोटीनचे रेणू इतके कमी असतात की नळीच्या भिंतीला चिकटलेला वाटाही मोठा ठरतो. बीएसए आणि ब्रिज-३५ त्यासाठीच आहेत: भिंतीवरची जागा ते आधीच अडवतात.

हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण पटलं प्लेट बिघडल्यावर. बीएसए संपलं होतं म्हणून साध्या बफरमध्ये १० नॅनोमोलर एन्झाइम केलं आणि त्याच नळीतून तासाभराच्या अंतराने दोन प्लेटा भरल्या. दुसऱ्या प्लेटचा सिग्नल पहिलीच्या निम्म्याहून खाली होता. दुसऱ्या प्लेटवर नवी संयुगं होती, त्यामुळे आम्ही दोन दिवस चांगले इन्हिबिटर सापडल्याच्या आनंदात होतो. तो उतरला कारण त्या प्लेटच्या नुसत्या द्रावकाच्या, संयुग नसलेल्या खान्यांतही सिग्नल तेवढाच पडला होता. ते खाने आम्ही आधी बघायला हवे होते.

तेव्हापासून नियम: शेवटचं विरलन प्लेट भरायच्या अगदी आधी, बर्फावर, बीएसएसह. अर्ध्या तासाहून जुनं विरल द्रावण वापरायचं नाही. तुमचं एन्झाइम जास्त टिकतं असं वाटत असेल तर मोजून बघा: ०, ३०, ६० आणि १२० मिनिटं बर्फावर ठेवलेल्या द्रावणाची सक्रियता एकाच वेळी तपासा.

## टप्पा ६: वेळ आणि एन्झाइमची मात्रा

इथे घाई केली की पुढचं सगळं वाया. आपल्याला सुरुवातीचा वेग हवा आहे, म्हणजे आलेखाचा तो सरळ भाग जिथे दुप्पट वेळात दुप्पट उत्पादन होतं. सर्वसाधारण नियम असा की सबस्ट्रेट आणि एटीपी, दोन्हींपैकी दहा टक्क्यांहून जास्त खर्च होऊ द्यायचं नाही. "दोन्हींपैकी" हा शब्द लोक गाळतात.

आकड्यांत बघा. विशिष्ट सक्रियता मिलिग्रॅममागे मिनिटाला ५०० नॅनोमोल धरू. ४ नॅनोमोलर एन्झाइम २५ मायक्रोलिटरमध्ये म्हणजे ०.१ पिकोमोल, म्हणजे ६.७५ नॅनोग्रॅम. ते मिनिटाला सुमारे ३.४ पिकोमोल फॉस्फेट हलवेल, तीस मिनिटांत १०० च्या आसपास. एटीपी १०० मायक्रोमोलर असेल तर नळीत २,५०० पिकोमोल एटीपी आहे. खर्च चार टक्के. झकास वाटतं.

आता सबस्ट्रेट. एटीएफ२ २ मायक्रोमोलर घातलं असेल तर नळीत ५० पिकोमोल आहे. पी३८-अल्फा त्यावर मुख्यतः थ्रिओनिन ६९ आणि ७१ या दोन जागी फॉस्फेट बसवतं, म्हणजे जागा एकूण १०० पिकोमोल. तीस मिनिटांच्या त्या हिशोबात सगळा सबस्ट्रेट भरून जातो. अशा प्रयोगात इन्हिबिटरने वेग निम्मा केला तर त्याचा पूर्ण परिणाम आलेखात दिसणार नाही. तासाभराने मोजलंत तर इन्हिबिटर घातलेल्या नळीतलं एन्झाइमही सगळा सबस्ट्रेट भरून टाकेल. प्रत्यक्षात सबस्ट्रेट संपत येताना वेग आधीच मंदावतो, त्यामुळे आकडे इतके नेमके नसतील. पण धोका हाच.

म्हणून दोन छोटे प्रयोग, याच क्रमाने:

पहिला, मात्रेचा. शेवटची सांद्रता ६४ नॅनोमोलरपासून निम्मी-निम्मी करत ०.५ पर्यंत न्या. सगळ्यात वरच्या पायरीसाठी १६० नॅनोमोलरचं द्रावण लागेल: ५ मायक्रोलिटर मूळ आणि ४१ मायक्रोलिटर बफर. निम्मं करताना बफरमध्ये तेवढंच ग्लिसरॉल ठेवा, म्हणजे पायऱ्यांमध्ये फरक फक्त एन्झाइमचा राहील. शून्य एन्झाइमची पायरी विसरू नका.

दुसरा, वेळेचा. पहिल्या प्रयोगातल्या सरळ रेषेतल्या दोन मात्रा निवडा आणि ०, ५, १०, २०, ३०, ४५, ६० मिनिटांना मोजा.

तपासा: रेषा शून्य मिनिटाला शून्य एन्झाइमच्या सिग्नलपाशीच भेटते का? वरून सुरू होत असेल तर प्रतिक्रिया वेळेत थांबत नाहीये, किंवा एटीपीतच एडीपी आहे. पहिली पाच मिनिटं सपाट आणि मग चढ असेल तर बहुधा प्लेट बर्फावरून थेट आली आणि तापायला वेळ लागला. सगळी द्रावणं आधी प्रतिक्रियेच्या तापमानाला आणा. फक्त एन्झाइम शेवटपर्यंत बर्फावर.

## टप्पा ७: प्रत्यक्ष प्रतिक्रिया

आधी एन्झाइम, त्यावर इन्हिबिटर किंवा द्रावक, १५ ते ३० मिनिटं थांबणं, मग एटीपी-सबस्ट्रेटच्या मिश्रणाने सुरुवात. सुरुवात ज्या क्रमाने आणि जेवढ्या अंतराने केली, थांबवणंही त्याच क्रमाने आणि तेवढ्याच अंतराने. दर ओळीला १५ सेकंद ठरवले तर थांबवतानाही १५ सेकंद.

थांबवायला ईडीटीए वापरत असाल तर ते मॅग्नेशियमपेक्षा जास्त हवं. १० मिलिमोलर मॅग्नेशियमला २० ते २५ मिलिमोलर ईडीटीए. पण प्रकाश मोजणाऱ्या एडीपी पद्धतीत ईडीटीए घालू नका. तिथल्या ल्युसिफरेजलाही (प्रकाश देणाऱ्या एन्झाइमला) मॅग्नेशियम लागतं, आणि त्या पद्धतीचं पहिलं अभिकर्मकच प्रतिक्रिया थांबवतं.

प्रत्येक प्लेटवर हे कंट्रोल असलेच पाहिजेत:

- एन्झाइम नाही, बाकी सगळं.
- सबस्ट्रेट नाही, बाकी सगळं. एडीपी पद्धतीत हा फार महत्त्वाचा: कायनेज स्वतःवर फॉस्फेट बसवत असेल किंवा तयारीत एटीपी तोडणारी अशुद्धी असेल तर इथे कळतं.
- इन्हिबिटर नाही, पण द्रावक तेवढाच. डीएमएसओ (संयुगं विरघळवणारा नेहमीचा द्रावक) शेवटी १ टक्क्यापर्यंत ठेवा आणि सगळ्या खान्यांत सारखा.
- ओळखीचा इन्हिबिटर. पी३८-अल्फासाठी एसबी२०३५८०. सवयीने सगळीकडे स्टॉरोस्पोरिन (अनेक कायनेजंना रोखणारं संयुग) वापरू नका. ते प्रत्येक कायनेजवर सारखं चालत नाही.

कंट्रोलचे खाने प्लेटच्या कडेला आणि नमुने मध्ये, अशी मांडणी टाळा. कडेचे खाने लवकर सुकतात आणि कंट्रोलच खोटे पडतात.

## टप्पा ८: इन्हिबिटरचा आकडा वाचताना

एसबी२०३५८० एटीपीच्याच जागेसाठी भांडतो. त्यामुळे एटीपी वाढवलात की आयसी५०, म्हणजे वेग निम्म्यावर आणायला लागणारी इन्हिबिटरची सांद्रता, वाढणार. एटीपीची सांद्रता न लिहिता आयसी५० लिहिणं म्हणजे अर्धवट आकडा. तुलना करायची असेल तर तुमच्या हातात एटीपीचा केएम (ज्या सांद्रतेला एन्झाइमचा वेग कमालीच्या निम्मा होतो ती) किती येतो ते मोजा आणि एटीपी त्याच्या आसपास ठेवा.

आणखी एक मर्यादा: आयसी५० सक्रिय एन्झाइमच्या सांद्रतेच्या निम्म्याखाली जाऊ शकत नाही. ४० नॅनोमोलर एन्झाइम वापरून १ नॅनोमोलरचा इन्हिबिटर शोधायला गेलात तर तो २० च्या आसपासच दिसेल. उलट्या बाजूने हेच तंत्र उपयोगी आहे. घट्ट चिकटणाऱ्या इन्हिबिटरने एन्झाइम थेंबा-थेंबाने बंद करत गेलात तर कुपीतल्या प्रोटीनपैकी खरोखर इन्हिबिटर धरणारं किती, ते कळतं.

एडीपी पद्धतीत सिग्नल कमी करणारं संयुग कायनेजला रोखतंय की ल्युसिफरेजला, हेही पाहा. एन्झाइमऐवजी माहीत असलेली एडीपी घालून तेच संयुग तपासा. सिग्नल तिथेही पडला तर दोष मोजणीचा आहे.

## सिग्नलच नसेल तर, याच क्रमाने बघा

कागदावर "निष्क्रिय" लिहिलंय का. मॅग्नेशियम घातलं का. एन्झाइम, सबस्ट्रेट आणि एटीपीच्या बफरांतलं ईडीटीए मिळून मॅग्नेशियम खात नाहीये ना. एटीपीचा पीएच. मोजणीचं अभिकर्मक, नुसती एडीपी घालून. सबस्ट्रेट, त्याच कायनेजच्या जुन्या चांगल्या वाट्यावर. हे सगळं नीट असेल तर नवा वाटा वितळवून ६४ नॅनोमोलरला तपासा. तिथेही काही नसेल, तरच पुरवठादाराला लिहा, आणि लिहिताना लॉट क्रमांक, कुपी कधी आणि कोणत्या अवस्थेत आली, आणि वरच्या प्रत्येक तपासणीचे आकडे सोबत जोडा.

## नवा लॉट आल्यावर

जुन्या लॉटचे दोन वाटे नेहमी राखून ठेवा. नवा लॉट आला की दोन्ही एकाच दिवशी, एकाच बफरमध्ये, टप्पा ६ मधल्या मात्रेच्या मालिकेत शेजारी-शेजारी चालवा, आणि एसबी२०३५८० चा आयसी५० दोन्हींवर काढा. मात्रा बदलली तरी चालेल, ती नव्याने ठरवता येते. पण आयसी५० तीनपटीहून जास्त सरकला तर जुने आणि नवे निकाल एका तक्त्यात टाकू नका. आधी दोन्ही लॉट जेलवर शेजारी चालवा, आणि थ्रिओनिन १८० व टायरोसिन १८२ वरचं फॉस्फेट ओळखणाऱ्या अँटीबॉडीने दोघांची तुलना करा. नव्या लॉटमध्ये फॉस्फेट कमी दिसलं तर नॅनोमोलरमध्ये लिहिलेली तुमची सांद्रता सक्रिय एन्झाइमची नव्हती, नुसत्या प्रोटीनची होती. तेव्हा मात्रा त्या प्रमाणात वाढवा आणि वेळेचा प्रयोग पुन्हा करा.